काजूच्या पावाचा मोडलेला कोपरा

हे मी कुणालाच बोललेली नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवासमोर हात जोडतानाही नाही — तिथे तर मी दुसरंच काहीबाही मागून मोकळी होते. आता तुम्ही समोर बसलाय असं समजून लिहिते. लिहिताना हात थांबतो, पण थांबू दे.

आमचं घर आचऱ्याच्या बाजूला, मालवण तालुक्यातलंच. मी थोरली सून. लग्न होऊन आले तेव्हापासून गणपतीचा नैवेद्य माझ्याकडे. पाचही दिवस. पहाटे आंघोळ, ओलेत्यानं पाणी भरायचं, चूल सारवायची आणि मग कामापुरतंच बोलून रांधायचं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे चाखायचं नाही. देवाला दाखवेपर्यंत पळीसुद्धा ओठाला लागता कामा नये. मीठ हाताच्या अंदाजानं, गूळ डोळ्याच्या अंदाजानं. मी सांगतेय त्या गणपतीपर्यंत एकोणीस वर्षं केलं मी ते. एकदाही चूक नाही — असं सासूबाईंनी म्हटलं नाही कधी, पण चूक काढलीही नाही. त्यांच्याकडून तेवढंच मिळायचं, आणि मला वाटायचं मला ते पुरतं.

पुरत होतं का? बघा, इथेच तर सगळं आहे.

माझ्या धाकट्या दिरानं लग्न केलं ते मालवणच्या एका ख्रिस्ती घरातल्या मुलीशी. फिलोमिना. आमच्याकडे ती मीना झाली. वर्षभर घरात कुणी तिच्याशी धड बोललं नाही, आणि खरं सांगायचं तर ते वर्ष मला फार बरं गेलं. मीच तिला जवळ घेतलं. पातळ कसं नेसायचं, दिवा कुठल्या हातानं लावायचा, सगळं मी शिकवलं. ती मला वयनी वयनी करत मागे फिरायची. खाली असलेल्या माणसावर माया करणं सोपं असतं हो.

मग हळूहळू सासूबाईंना ती आवडायला लागली. ती त्यांना हसवायची. आम्ही कुणी त्यांना कधी हसवलं नव्हतं, आमची छातीच नव्हती. त्या चुलीपाशी तिच्या शेजारी पाटावर बसायच्या. माझ्या शेजारी एकोणीस वर्षांत बसल्या नव्हत्या — मी मोजलं नव्हतं, पण एके दिवशी आठवून बघितलं, आणि एकही दिवस आठवला नाही.

तिच्या लग्नानंतरचे दुसरे गणपती. चौथ्या दिवशीच्या नैवेद्याला मी एक पदार्थ करू का, असं तिनं विचारलं. काजूचा पाव. तिच्या माहेरी नाताळला केक भाजायचे, त्याच हातानं पण अंड्याशिवाय, कांदा-लसणाशिवाय. मला वाटलं सासूबाई नको म्हणतील. त्या म्हणाल्या, "कर. पण पाव म्हणा नको गो, भटजी बसल्या जाग्यार घाबरतले. काजूचो ठोकळो म्हण."

आणि दोघी हसल्या.

आमच्याच बागेतले, उन्हाळ्यात भाजून फोडलेले काजूगर तिनं जाडसर वाटले. थोडे शेंगदाणे, ओलं खोबरं, आलं, मिरी, हिरवी मिरची. सगळं धरून राहावं म्हणून उकडलेला भोपळा आणि दह्यात भिजवलेला रवा. अॅल्युमिनियमच्या, आम्ही जर्मलच्या म्हणतो, लांबट डब्याला आतून केळीचं पान लावलं आणि आपण काकडीची तवसाळी भाजतो तसे खाली-वर निखारे. मधेच ती सासूबाईंना म्हणाली, "आये, मीठ बघूक नको?" त्या म्हणाल्या, "देवाच्या आधी जीभ लावची नाय. अंदाज शिक." तिनं मान डोलवली. हे मी माझ्या कानांनी ऐकलं. म्हणजे तिला नियम ठाऊक होता, आणि तिला तो ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं. हे लक्षात ठेवा.

वास सुटला. काय सांगू तुम्हाला. पडवीतली पुरुषमाणसं उठून आत डोकावायला लागली. सासूबाई मला म्हणाल्या, "वास बग कसो सुटलो हा." मला. मी त्याच वेळी दुसऱ्या चुलीवर खीर ढवळत होते.

मीनानं पाव पानावर पालथा केला. चारी कोपरे कसे नीट निघाले. ती दुर्वा निवडायला बाहेर गेली, सासूबाई ताट आणायला माजघरात. मी आणि तो पाव.

मला तो बिघडलेला हवा होता. खारट, कच्चा, कसाही, पण बिघडलेला. तो देवापुढे जाईपर्यंत मला धीर निघेना. मी मागचा कोपरा मोडला आणि तोंडात टाकला. जीभ भाजली. मीठ अगदी बरोबर होतं. दोन वर्षांची सून, पहिल्यांदाच केलेला नैवेद्य, आणि मीठ बरोबर. मी तोंड पुसलं आणि मोडकी बाजू भिंतीकडे फिरवून ठेवली.

एवढंच असतं तर मी आज लिहीत बसले नसते. देवाच्या आधी खाल्लं, ते देव आणि मी बघून घेतलं असतं.

सासूबाई तुळशीपत्र ठेवायला आल्या, त्यांनी पान फिरवलं. कोपरा नाही. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. कशाला बघतील? माझी एकोणीस वर्षं माझ्या बाजूनं उभी होती. त्यांनी हाक मारली, मीना दुर्वा घेऊन आत आली.

"मीने, तू चाखलंस?"

"नाय आये."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "तू हयच होतंस मां?"

"मी बावीर गेल्लंय," मी म्हटलं. विहिरीवर गेले होते म्हणून सांगितलं — हातात पळी, आणि चुलीवर माझी खीर रटरटतेय. आणि तेवढ्यावर थांबले नाही. मीनाच्या पाठीवर हात ठेवला आणि फार गोड आवाजात म्हटलं, "ऱ्हवांदे आये. तिका काय म्हायत आमच्यातला? चुकान झाला आसतला."

बघितलंत काय केलं ते? तिची बाजू घेतल्यासारखं करून तिला पुरतं बुडवलं. "आमच्यातलं." दोन वर्षांत कुणी तिला हा शब्द बोललं नव्हतं. तो मी बोलले, जिनं तिला जवळ घेतलं होतं ती.

मीनानं हातातल्या दुर्वा खाली ठेवल्या. सासूबाईंनी तो पाव गाईपुढे ठेवला. घरातल्या एकाही माणसानं तो खाल्ला नाही. देवाला माझी खीर गेली, ताट मी नेलं, आणि आरतीत माझा आवाज सगळ्यांच्या वर होता. हेही सांगते — त्या संध्याकाळी मला आनंद झाला होता. वाईट फार उशिरा वाटलं.

त्यानंतर मीना नैवेद्याच्या चुलीपाशी आली नाही. गणपतीत ती पडवीत बसून नारळ खोवते, भाज्या चिरते, आतल्यांना देते. सासूबाई गेल्या त्याच समजुतीत गेल्या.

मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले की तिला काही कळलं नसेल. पण चुलीपाशी त्या घडीला माणसं होती किती? आपण चाखलं नाही हे तिला ठाऊक होतं. सासूबाई विचारत होत्या, म्हणजे त्या नव्हत्या. मग उरलं कोण? तिला त्याच क्षणी कळलं होतं, माझा हात तिच्या पाठीवर होता तेव्हाच. तेव्हापासून बावीस वर्षं ती मला वयनीच म्हणते, माझे गुडघे धरले की तेल लावून देते, आणि तिला ठाऊक आहे.

परवाच्या चतुर्थीला माझी सून तिला म्हणाली, "काकी, ह्या वर्षी एक पदार्थ तुम्ही करा ना देवाला." मीना नारळ खोवत होती. वर न बघता म्हणाली, "माझ्या हातचा देवाक चलना नाय गो. तुझी सासू करता, ती बरा करता."

मी दारातच उभी होते. एवढंच म्हणायचं होतं — चालतं, तो कोपरा मी मोडला. सून माझ्याकडे बघत होती. मीनासुद्धा खोवणं थांबवून बसली होती, जरा वेळ.

मी खोवलेलं खोबरं उचललं आणि आत गेले. नैवेद्य केला. ताट मीच नेलं.