पानावरचा फुगवटा

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत मावशी सत्तावीस वर्षं एकच काम करत आल्या होत्या. दगडात उमटलेल्या पानांवरचा गाळ सुईच्या टोकानं काढायचा. ती झाडं केव्हाच नामशेष झालेली, पण पानांची शीर न् शीर दिसे. नवरा गेल्यावर शिवणकाम करून पोरं वाढवणारी बाई, सुई धरता येते एवढ्या भांडवलावर इथे लागली. झाडांची लांबलचक नावं काही त्यांच्या जिभेवर बसली नाहीत. हात मात्र चुकत नसे.

त्या दिवशी नवे सर एक पान बघायला आले. त्याची पाटी छापून तयार होती : ‘नेचा. याला बी येत नाही.’

“मावशी, हा कडेचा फुगवटा राहिला की. फोटोवाला येईलच इतक्यात. काढून टाका.”

“तो निघायचा नाही, सर.”

“म्हणजे?”

“घाण असती तर खालून सुई गेली असती. पानाची शीर सरळ त्याच्यात शिरलीय. बी आहे ते.”

सर हसले. “नेच्याला बी? उद्या कोंबडीला शिंगं फुटतील.”

“मग हा नेचा नसेल. पाटी बदला.”

हसू मावळलं. “निवृत्तीला चार महिने राहिलेत तुमच्या. कशाला वाकड्यात शिरता?”

घरी सूनही हेच ऐकवायची. आई, मान डोलवायची नि गप्प बसायचं.

सरांनी हात पुढे केला. “द्या ती सुई. मीच काढतो.”

मावशींनी सुई दिली. मग दगड उचलून मांडीवर घेतला आणि वर दोन्ही तळवे ठेवले.

“एकदा खरवडलं की गेलं कायमचं. आधी भिंग आणा. शीर दिसली नाही तर खुशाल काढा, मी ब्र काढणार नाही. बघितल्याशिवाय मात्र हात लावू देणार नाही.”

“मी वर तक्रार करीन.”

“करा. माझं नाव नीट लिहा.”

फोटोवाला दारात येऊन ताटकळला. त्याच्यासमोर तमाशा नको म्हणून सरांनी भिंग आणलं. मावशींनी फक्त बोटं बाजूला केली, दगड सोडला नाही. सर बराच वेळ वाकून राहिले.

“दिसतंय काहीतरी,” ते पुटपुटले.

“काहीतरी नाही. शीर.”

सर सरळ झाले आणि फोटोवाल्याला म्हणाले, “आहे तसाच काढा.”

“पाटीसकट?” त्यानं विचारलं.

“पाटी नको. ती बदलायचीय,” उत्तर मावशींनी दिलं.