मागच्या जिन्याचा कठडा

खरं सांगते, ती नर्सबाई माझ्या डोळ्यांत सलायची. नव्वद सालानंतरची गोष्ट. मंचरला आम्ही दोघी एकाच घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. तिची खोली रस्त्याकडं, पुढच्या जिन्याची. आमची मागं, मागच्या जिन्याची. दोन्ही जिन्यांना कठडा नव्हता. एका अंगाला भिंत, दुसरं अंग मोकळं आणि खाली शहाबादी फरशी.

घरमालक माझ्या माहेरचा, निरगुडसरचा. माहेरच्या गावचा म्हणजे भाऊच की! पहिल्याच भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं, त्यानं ताटात साडी ठेवली, आणि मी आळीभर सांगत सुटले, "आमी काय भाडेकरू न्हाई, भावाचं घर हाय हे." करारनाम्याचं नवऱ्यानं विचारलं तर मालक म्हणाला, "ताईला कागद कशाला?" मी अशी फुगले म्हणून सांगू!

नर्सबाई लातूरकडची. तिनं राहायला येतानाच स्टँपपेपर आणला, तेव्हा मला हसू आलं होतं. वर्षाच्या आत तिनं मालकाला लेखी दिलं, जिन्याला कठडा बसवा म्हणून. आणि बसवला की हो त्यानं! लोखंडी, हिरव्या रंगाचा. ती ड्युटीवरून आली की त्यावर हात ठेवून सावकाश चढायची, आणि इकडं माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ओवाळते मी, आणि कठडा हिला?

मागायला माझी जीभ रेटेना. लोक म्हणतील, शेवटी भाडेकरूच निघाली. "एकदा बोल की तुझ्या भावाशी," नवरा म्हणायचा, तर मी त्यालाच गप्प करायची. उलट मालक चहाला आला की मी त्याचीच री ओढायची, "लई कटकटी बाई हाय दादा ती." तो खूश व्हायचा. लेक माझी साडेतीन वर्षांची. जिन्याच्या मोकळ्या अंगाला मी सुंभाची दोरी बांधली आणि तिला बजावलं, भिंतीला चिकटून उतरायचं.

एका सकाळी मी धुणं वाळत घालत होते आणि धप्प आवाज आला. पोरगी दोरीखालून फरशीवर. हनुवटी फुटलेली, उजवा हात लोंबत होता. मी नुसती बोंबलत उभी. नर्सबाईनं धावत येऊन हाताला पट्टी बांधली, रिक्षा थांबवली, दवाखान्यात सोबत आली. पोरगी तिच्या मांडीवर रडायची थांबली. हाड मोडलं होतं लेकीचं, आणि मेलं माझं मन तिथंही जळत होतं, हिच्याच मांडीवर का?

संध्याकाळी मालक शहाळी घेऊन आला. म्हणाला, "ताई, पोरीवर ध्यान नको का ठेवाया?" मी मान खाली घातली आणि त्याला चहा टाकला.

नर्सबाई तिथंच पोरीजवळ बसली होती. तो गेल्यावर म्हणाली, "अहो, जागा धोक्याची राहू न देणं हे मालकाचं काम आहे, कायद्यानं. तो काही उपकार नाही करत. लिहून द्या त्यांना."

"भाऊ हाय त्यो माझा," मी फटकन म्हणाले. ती उठून गेली.

पंधरवड्यात मागच्या जिन्याला वेल्डर आला. माझा आनंद गगनात मावेना. पोरीला कडेवर घेऊन दाखवलं, "बघ, मामानं केलं!" तेवढ्यात मामा वर आला, तोंड लालबुंद.

"सरळ बोलायला काय झालं व्हतं? दुसरीच्या हातून नोटीस देतीस व्हय?" म्हणाला, आणि कागद माझ्यापुढं टाकून तरातरा निघून गेला.

अक्षर नर्सबाईचं होतं. सगळं होतं त्यात. पोरीचं वय, पायऱ्या किती, पडली कुठल्या पायरीवरून, हाड कुठलं मोडलं. पुन्हा काही झालं तर जबाबदारी तुमची, असं ठणकावून लिहिलेलं. खाली तिची सही आणि पुढं 'शेजारी'.

मी दोनदा वाचला. भिंतीपलीकडं ती भांडी लावत होती, आवाज येत होता. आभार मानायला जायला हवं होतं. गेले नाही. कठड्याचा हेवा तर मिटलाच होता, आता मलाही होता की कठडा. पण आईनं लिहायचा कागद तिनं लिहिला, हे मला आजही सहन होत नाही.