फीत बांधलेला नळ

"सर्जिकल साइट इन्फेक्शन," जखम पाहत डॉक्टर म्हणाले. म्हणजे शस्त्रक्रियेच्या जागी झालेला जंतुसंसर्ग. "प्लेटपर्यंत गेलं, तर प्लेट काढावी लागेल."

मांडीचं हाड प्लेट घालून जोडल्याला तेव्हा आठ दिवस झाले होते.

अकोल्याच्या त्या वॉर्डात मी पाठीवर पडून. पाय उशांवर, हात सलाइनला. घर अमरावतीला, पण मला खाटेची कडाही तितकीच लांब होती.

समोर नवंकोरं बेसिन होतं. कर्मचाऱ्यांनी हात धुवावेत म्हणून बसवलेलं. नळाला लाल फीत होती, कारण उद्घाटनाच्या पाहुण्यांना सवड मिळत नव्हती. जुनं बेसिन जिन्यापाशी. प्रत्येक रुग्णानंतर तिथवर जाणं सिस्टरना जमत नसे. शेजारच्या आजोबांचा कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, हाताळून त्या तशाच माझ्या ड्रेसिंगकडे वळत.

मी पाहत असे आणि गप्प राहत असे. ज्या हातांच्या भरवशावर पडलोय, त्यांना अस्वच्छ कसं म्हणणार? उलट 'थँक्यू' म्हणायचो.

डिब्राइडमेंट झालं, म्हणजे सडलेला भाग खरवडून काढला. प्लेट राहील की नाही, ते सांगायला डॉक्टरांनी आठवडा मागितला.

दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगच्या वेळी आजोबांची सून शोभाबाई मध्येच बोलल्या. त्या बडनेऱ्याला भाजी विकतात.

"सिस्टर, हात धुऊन घ्या ना."

"धुतले जी सकाळीच."

"सकाळी तं मीबी जेवली. म्हून आता उपाशी राहू काय?"

"दर वेळेस जिन्यापाशी जाऊ काय, मावशी? तीस पेशंट हायेत मले."

"मंग हे काहून बांधून ठेवलं? पाहुणा येऊन पट्ट्या बदलणार हाय काय?"

शोभाबाईंनी गाठ सोडली. सिस्टरनी दाराकडे पाहिलं आणि साबण लावला.

दुपारी इन्चार्ज सिस्टर आल्या. "फीत कोणी सोडली?"

शोभाबाईंना वॉर्डाबाहेर काढलं असतं, तर आजोबांकडे पाहायला दुसरं कोणी नव्हतं.

"मी," मी म्हणालो.

त्यांनी उशांवरच्या माझ्या पायाकडे पाहिलं. मग बाही सारून त्याच नळाखाली हात धुतले.

आठवड्याने जखम कोरडी झाली. प्लेट राहिली. डॉक्टर श्रेय अँटिबायोटिकला देतात. मी वाद घालत नाही. शोभाबाईंचं मात्र देणं लागतो.

तुम्ही अशा खाटेवर पडलात, तर 'हात धुतले का?' असं विचारा. भीती वाटेल. परवा तपासणीला मलाही वाटली. विचारलं, तेव्हा डॉक्टर हात धुवायला गेले.