दोन जावा आणि दोन बाटल्या

आमच्या घराण्यात पहिली पदवी मी घेतली, आणि एका चांगल्या चाललेल्या संशोधनाची वाट लावण्याचा पहिला मानही माझ्याकडेच जातो.

आई आणि मंदाकाकी, दोघी जावा, दोघींना थायरॉईड. रोजची गोळी घेऊनही भरदुपारी कांदा निवडता निवडता पेंगायच्या. नगरच्या एका दवाखान्यात नव्या गोळीचा आणि आहाराचा अभ्यास चालू असल्याचं कळलं, तशी मी सोनईहून दोघींना घेऊन गेले. डॉक्टर मॅडमना छातीठोकपणे सांगितलं, "मी बी.एस्सी. आहे. यांची जबाबदारी माझी."

मॅडमनी दोघींना एकसारख्या दिसणाऱ्या बाटल्या आणि आहाराचे वेगवेगळे कागद दिले. बजावलं, "रोजची गोळी चालूच, ही वरून. गोंधळ झाला तर नाव कमी करावं लागेल."

परतीच्या एसटीत मी सगळं शास्त्र समजावलं. (कोणी विचारलं नव्हतं.) "काही बाटल्यांत खरं औषध असतं, काहींत नुसतीच गोळी. कुणाला काय मिळालं, हे मॅडमनासुद्धा माहीत नसतं."

घोडेगाव आलं तशी काकी म्हणाली, "म्हंजी मला नुसतीच निघाली तर?"

"निघू दे की. त्यातूनच शास्त्र पुढं जातं."

"शास्त्र जाईल पुढं. मी ऱ्हाईन की हितंच, पेंगत."

आई खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, तिला पटलं.

महिन्यानं तपासणी. मॅडमनी उरलेल्या गोळ्या मोजल्या. दोन्ही बाटल्या बरोबर. "इतका नेम कुणीच पाळला नाही," त्या म्हणाल्या. मी मान इतकी ताठ केली की खांदा भरून आला.

"काही त्रास?"

"न्हाई," काकी आईकडे हात करत म्हणाली. "अक्कांनी पयल्याच दिवशी सगळं नीट केलं ना."

"काय नीट केलं?"

"दोन्ही बाटल्या परातीत वतल्या," आई म्हणाली. "कालवल्या, आन निम्म्या निम्म्या भरल्या. एकीला खरं आन एकीला खोटं, आमच्यात न्हाई चालत. आमाला लुगडं बी एका ठानातलं येतं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आणि आहार?"

"सकाळी माझा कागद, सांजच्याला हिचा. चूल एकच हाय."

मी सावरायला गेले. "मॅडम, दोघींना अर्धं अर्धं औषध मिळालंय. तुम्हाला आयता तिसरा गट तयार झाला."

"बी.एस्सी. कशात केलंत?"

"वनस्पतिशास्त्रात."

"बरं," मॅडम म्हणाल्या. तेवढ्यावर थांबल्या, हे त्यांचे उपकार.

अभ्यासातून नावं कमी झाली. काकीचा चेहरा पडला, पण मॅडमनी इलाज सोडला नाही. चौकशीत निघालं, की दोघी रोजची गोळी सकाळच्या चहाबरोबर घेत होत्या. ती उपाशीपोटी घ्यायला लावली, आणि पुढच्या महिन्यात कांदा जेवणाआधीच निवडून व्हायला लागला. (तो चहा रोज मीच करून देत होते, हे मॅडमना सांगायचं राहून गेलं.)

परवा दोघींना घेऊन पुन्हा गेले, तर मॅडमच्या दारावर नवा कागद चिकटवलेला. "गोळ्यांची माहिती फक्त डॉक्टर देतील. सोबतच्या सुशिक्षित नातेवाइकांनी काहीही समजावून सांगू नये."

"काय लिव्हलंय गं?" काकीनं विचारलं.

चौथीत असल्यापासून घरादाराला सगळ्या पाट्या मीच वाचून दाखवते. त्या दिवशी म्हणाले, "अक्षर लागत नाही."