डोळा फुटला

“वहिनी, डोळा फुटला. तात्या, पळा, डोळा फुटला.”

सकाळी भिंतीपलीकडून अशी हाक आली, तेव्हा माझी बायको भाकरी थापत होती. ती तशीच पिठाच्या हातांनी उठली. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात हळदीचा डबा, आणि धावत शेजारच्या दारात. मी रस्त्यावर जाऊन शिर्डीकडं निघालेली रिक्षा अडवली. आतल्या माणसांना म्हणालो, उतरा, इथं एकाचा डोळा गेलाय. ते बिचारे पिशव्या घेऊन उतरले.

आत जाऊन बघतो तर आमचा शेजारी मेजर धडधाकट. दोन्ही डोळे जागच्या जागी, उलट रोजच्यापेक्षा मोठे झालेले. अंगणाच्या कोपऱ्यात एक वीतभर काळी काटकी रोवलेली, आणि तिच्याकडं तो बोट दाखवतोय. काटकीवर मुगाच्या दाण्याएवढा गुलाबी कोंब.

“एवढ्यासाठी?” बायको म्हणाली. “अवो भाऊजी, एवढ्यासाठी माझी भाकरी करपली.”

आता चूक माझीही होती. मी चाळीस वर्षं राहात्याच्या द्राक्षबागांत कात्री चालवलेला माणूस. काडीवरच्या कोंबाला आम्ही डोळा म्हणतो आणि तो उघडला की डोळा फुटला म्हणतो. हा शब्द त्याला मीच शिकवला होता. पण त्याच्या ओरडण्यात असं काही होतं, की मलाही माणसाचाच डोळा आठवला. रिक्षावाला मात्र बाहेर जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मेजरला वाईट वाटलं. भाकरीचं, रिक्षाचं नाही. “वहिनी, ह्या वेलीचा पैला घड तुमचा,” तो म्हणाला. “फौजी माणसाचा शबुद हाय.”

मेजर म्हणजे खरा मेजर नव्हे. आपल्याकडं फौजेतून परत आलेला कुणीही मेजरच असतो, तुम्हालाही असे चार-दोन माहीत असतील. आमचा मेजर फौजेत ट्रक चालवायचा. बुटका, कान मोठे, बायको लवकर वारलेली, मुलगा सुप्याला कारखान्यात. काही सांगायचं झालं की आधी समोरच्याचं मनगट धरायचा. मग सांगणं संपेपर्यंत तुमची सुटका नाही. चहा पिता येत नाही, बिडी शिलगावता येत नाही. मी डाव्या हातानं बिडी ओढायला त्याच्यामुळं शिकलो.

लडाखकडं असताना एका खेड्यात म्हातारीच्या अंगणात त्यानं द्राक्षाची वेल पाहिली होती. थंडी आली की म्हातारी ती वेल जमिनीवर आडवी करायची आणि वर माती-पेंढा टाकायची. लेकराला गोधडी घालावी तशी. वर कंबरभर बर्फ. उन्हाळ्यात तीच वेल उठून काळ्या घडांनी लगडायची. मेजर निवृत्त व्हायला निघाला तेव्हा म्हातारीनं त्याला दोन काड्या दिल्या. ओल्या फडक्यात गुंडाळून, ट्रंकेत घालून त्यानं त्या राहात्याला आणल्या. एक वाटेत वाळली. दुसरीची गोष्ट वर सांगितली.

मी त्याला तोंडावर सांगितलं, “बर्फातलं झाड हाय ते. हितं मेमधी पत्र्यावर पापड भाजतो. न्हाई यायचं.”

“यील. फकस्त तिला थंडीत झोप लागली पायजे.”

वेल वाढली. मांडवावर गेली, भिंतीवर गेली, आमच्या संडासावर गेली. पानं टोपल्यांनी, पण घड म्हणाल तर एक नाही. मी म्हणायचो, कात्री लावू दे. आमच्या बागेत वर्षातून दोनदा छाटतात, एप्रिलमध्ये एकदा, ऑक्टोबरमध्ये एकदा, तेव्हा कुठं माल लागतो. तो वेलीच्या आडवा उभा राहायचा. “तात्या, आधी झोपू द्या तिला. झोपमोड केली की माणूस बी पिसाळतं.”

नऊ वर्षं हेच. वेल काही झोपेना. आमच्या थंडीत ती नुसती पेंगायची, चार पानं पिवळी करायची आणि पुन्हा हिरवी. माझी बायको भिंतीवरून विचारायची, “भाऊजी, आला का माझा घड?” तो म्हणायचा, “आधी झोपू द्या, वहिनी.”

एका डिसेंबरात अजिबातच थंडी पडली नाही. मेजरनं शिर्डीच्या हॉटेलांना बर्फ पोचवणारा टेम्पो गाठला आणि एक अख्खी लादी आणून वेलीच्या बुडाशी ठेवली. वर गोणपाट.

“भाऊजी, उसाचा रस काढायचाय का?” बायकोनं विचारलं.

मी म्हणालो, “अरे येड्या, थंडी डोळ्याला लागती. डोळं वर फांदीवर असत्यात, पायाशी न्हाई.”

त्याला ते एकदम पटलं. माझं मनगट सोडून तो घरात पळाला आणि फौजेतले लोकरीचे मोजे घेऊन आला. सात-आठ जोड असतील. लादी फोडली, खडे मोज्यांत भरले आणि सगळ्या वेलीला मोजे टांगले. दिवसभर टपटप पाणी. रस्त्यानं पायी शिर्डीला जाणारी माणसं थांबून बघायची. एका बाईनं हात जोडले आणि शेजारच्या फांदीला लाल दोरा बांधून गेली. माझी बायको हसून हसून उंबऱ्यात बसली. म्हणाली, “भाऊजी, दानपेटी ठिवा आता.” दोरा मेजरनं सोडला नाही. म्हणाला, असू दे, कुणाचं काय अडलंय आपल्याला काय ठावं.

ताप मोजायचा थर्मामीटरही त्यानं वेलीला बांधला होता. पारा जागचा हलेना. “बगा, ताप न्हाई,” म्हणाला.

एकदा आमचं जोरात वाजलं. मी म्हणालो, दोनदा कापायची. तो म्हणाला, म्हातारी एकदाच कापायची, थंडी सरता सरता, झोपेतच. मी म्हणालो, तुजी म्हातारी राहात्यात आली हुती का? तो म्हणाला, तुमची कात्री लडाखला गेल्ती का? आवाज गल्लीत गेला. बायको मधे पडली. “येकदाच कापा,” ती मला म्हणाली. मग त्याला म्हणाली, “पर ह्यांना कापू द्या. ह्यांच्या हाताला येतंय ते.” तिचं म्हणणं दोघांनाही मान्य झालं. पण वेल झोपली तर कापणार ना.

पुढच्या भादव्यात माझी बायको गेली. पोटात दुखतंय म्हणाली, आणि तीन आठवड्यांत संपलं. दवाखान्यातून शेवटचं घरी आणलं तेव्हा मेजर भिंतीपाशी उभा होता. तिनं मान वळवून बघितलं. विचारलं काही नाही. त्यानं मान खाली घातली.

त्यानंतर मी खाटेवर बसलो तो बसलोच. लोक आले, बोलले, गेले. कात्री खुंटीला गंजली. मेजर रोज सकाळी चहाचा मग घेऊन यायचा, खाटेच्या पायाशी बसायचा. सांत्वनाचं एक अक्षर त्याला बोलता यायचं नाही. मला तेच बरं होतं.

त्या वर्षी थंडी मात्र अशी पडली की काय सांगू. बागाईतदार हवालदिल झाले. पहाटे पहाटे बागेत शेकोट्या पेटवायचे, मणी तडकू नयेत म्हणून. सगळा तालुका कुडकुडत थंडीला शिव्या देत होता आणि एकटा मेजर बनियनवर अंगणात उभा. एके सकाळी चहा न घेताच आला, माझं मनगट धरलं. “तात्या, सतरा पानं गळली.” दुसऱ्या दिवशी चाळीस. चौथ्या दिवशी त्याला मोजता येईना. “समदी गेली. येक बी पान न्हाई. तात्या, झोपली ओ ती.”

माझं डोकं फिरलं. “माझ्या घरातलं माणूस गेलंय आणि तू पाला मोजतुयास? नीघ हितनं.”

तो निघाला. दारातून मात्र हळूच म्हणाला, “वहिनीला शबुद दिलाय, तात्या. मला दुसरं काय येतंय?”

जानेवारी सरत आली तेव्हा तो पुन्हा आला. खुंटीवरची माझी कात्री काढली, पायरीवर बसून विटेनं गंज घासला, तेल दिलं आणि माझ्या मांडीवर ठेवली. “येकदाच कापायची, आन् तुमी कापायची. वहिनी म्हनलीय.”

पाच महिन्यांनी मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट उभा राहिलो. वेलीची काडी हातात घेतली तर करकरीत, तपकिरी, पिकलेली. अशी काडी मी बागेतसुद्धा थोडी पाहिलीय. हाताला आपोआप चपळाई आली. अर्ध्या दिवसात नऊ वर्षांचं जंगल खाली आणलं. मेजर प्रत्येक कापाला डोळे मिटून घ्यायचा. लाल दोऱ्याची फांदी तेवढी राखली.

थोड्या दिवसांनी कापलेल्या टोकांतून पाणी गळायला लागलं. थेंब थेंब, दिवसभर, थांबेना. मेजर घाबरला, मग त्याला आठवलं. “म्हातारी म्हनायची, वेल रडली की समजायचं जागी झाली.” माझ्या डोळ्यांतून तोवर टिपूस आलं नव्हतं. त्या दिवशी तिथं वेलीखाली बसून मी पोटभर रडलो, आणि मेजर माझं मनगट धरून बसला, या वेळी काहीही न सांगता.

आणि मग एका सकाळी भिंतीपलीकडून, “तात्या, डोळा फुटला.” मी अनवाणी धावलो. एक नाही, सगळ्या वेलीवर डोळे, गुलाबी, कापसासारखी लव असलेले. पंधरा दिवसांत कोंबांच्या बगलेत इवलीइवली हिरवी घोसकी दिसायला लागली. आम्ही दोघं म्हातारे ती एकमेकांना दाखवत सुटलो. हे बघ, ते बघ, अरे पानामागं बघ. पाखरं येतील म्हणून मेजरनं मच्छरदाणी फाडून घडांना पिशव्या शिवल्या. त्याला रात्री डास खायचे, घड मच्छरदाणीत.

मिरगाच्या तोंडावर घड काळे झाले. केवढे? करवंदाएवढे मणी, जाड साल, आत बिया. बाजारात कुणी फुकट घेतलं नसतं. मेजरनं दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, मोठ्यातला मोठा घड पितळी ताटलीत घेतला आणि समोरच्या दारातून आमच्या घरात आला. एरवी तो भिंतीवरूनच यायचा. तिच्या फोटोपुढं ताटली ठेवली, टाच आपटून सलाम ठोकला. “वहिनी, उशीर झाला. माफ करा.”

मग एक मणी मला दिला. मी खाल्ला. “आंबट हाय,” म्हणालो. मी काय खोटं बोलणार?

“आंबट न्हाई, तात्या,” तो म्हणाला. “थंडी हाय ती.”

गेल्या मार्गशीर्षात मेजर झोपेतच गेला. पाय दुखले नाहीत, दवाखाना नाही. वेलीचं शेवटचं पान त्याच आठवड्यात गळालं. मुलानं सुप्याहून येऊन सगळं केलं आणि घर भाड्यानं दिलं. भाडेकरू नवरा-बायको आहेत, तो शिर्डीला हॉटेलात कामाला. वेल तोडू नका, एवढंच मी मुलाला सांगितलं. जानेवारी सरताना जाऊन छाटून आलो. एकदाच.

परवा सकाळी भिंतीपाशी तोंड धूत होतो. सहज वर बघितलं. लाल दोरा आता पांढरा पडलाय. त्याच्याजवळच मुगाएवढं गुलाबी. माझ्या तोंडून ओरड कशी निघाली मला कळलं नाही. “मेजर, डोळा फुटला.”

पलीकडं भांडं पडलं. भाडेकरूची बायको पिठाच्या हातांनी पळत आली, हातात पाण्याचा तांब्या. “कुनाचा, बाबा? कुनाचा डोळा फुटला? रिक्षा बोलवू का?”

मी फांदीकडं बोट केलं. तिनं मान उंचावून पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

“एवढ्यासाठी?” ती म्हणाली. “माझी भाकरी करपली की ओ.”

तिला पहिला घड कबूल करून टाकला. आता तो येईपर्यंत मला जगणं आलं.