कोनाड्यातला कप
काल सुनेनं कान तुटलेला कप फेकायला काढला आणि मला बीदरच्या स्टँडजवळचं ते चहाचं हॉटेल आठवलं. आमचा फुटबॉल क्लब शील्डच्या फायनलला पोचला होता, आणि ऐन वेळी आमचा लेफ्ट आऊट हैदराबादच्या क्लबाकडं निघाला होता. आत बाकांवर आमचा नुसता कल्ला. ‘त्याच्या जागी दुसरा कुणी बी खेळल,’ एक म्हणाला, तर दुसऱ्यानं टेबलावर असा हात आपटला की बशीतला चहा सांडला. ‘कुणाचं काम न्हाई ते! त्यो आपला माणूस हाय, जाऊच द्यायचं न्हाई!’ तो आपला माणूस बाहेर पायरीवर चहा पीत होता, अंगात आमच्याच क्लबाची चिखलानं भरलेली जर्सी. त्याच्या वस्तीतल्या लोकांना आत बसू देत नसत. त्यांचा कान तुटलेला कप बाहेरच्या कोनाड्यात असायचा. मी दारात जाऊन रागानं विचारलं, ‘कामून जायलास रे आम्हाला सोडून?’ हॉटेलवाल्यानं वरून ओतलेल्या पाण्यात त्यानं कप विसळला, कोनाड्यात पालथा ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. विचारलेल्याचं उत्तर देत नाही म्हणून मी आणखीच चिडलो आणि आत येऊन बसलो. ‘मामा, फेकू का हा?’ सुनेनं परत विचारलं. माझ्यानं मान वर करवली नाही.