चेनवाली पँट

आगटे कुटुंब आयर्लंडमधल्या पोर्टलीशला आमच्याच वसाहतीत राहायला आलं तेव्हा अभिजित आगटे इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ म्हणून नुकताच रुजू झाला होता. त्याची बायको संध्या लंडनमध्ये कपडे शिवायची असं कुणीतरी मला सांगितलं, म्हणून पहिल्याच भेटीत मी तिला ब्लाउजचं विचारलं. ती हसली.

"ब्लाउज नाही गं जमत मला. फाटके कपडे असले तर सांग, ते छान करते."

मला वाटलं चेष्टा करते. पण ते अगदी खरं होतं. मिरजेत वाढलेली, मुंबईत ड्रेस डिझाइन शिकलेली संध्या एम.ए. करायला लंडनला गेली आणि तिथंच एका लहानशा फॅशन स्टुडिओत पॅटर्न कटर म्हणून लागली. डिझायनर चित्र काढतो. त्या चित्राचा अंगावर बसणारा कपडा व्हायचा तर कुठला तुकडा कसा कापायचा, कुठे जोडायचा, हे पॅटर्न कटर ठरवतो. स्टुडिओची मालकीण हेझल, वयानं साठीच्या पुढची. शाळकरी असताना ती स्वतः लंडनच्या पंक पोरांमध्ये फिरलेली होती आणि पुढं तिनं त्याच गोष्टीचा धंदा केला.

पंकचा विषय निघाला की संध्याला थांबवणं कठीण. आमच्या किचनमध्ये चहा निवत ठेवून ती सांगायची, "नीलिमा, लोकांना वाटतं पंक म्हणजे डोक्यावर रंगीत तुरा. तसं नाही. सत्तरच्या दशकातली ती पोरं. काम नाही, पुढं काही बरं होईल ही आशा नाही. त्यांनी शर्ट फाडले आणि फाटलेलं सेफ्टी पिनांनी जोडलं. आपण फाटकं लपवतो, त्यांनी मिरवलं. पँटला नको तिथं झिपची चेन, दोन्ही पायांना जोडणारा पट्टा, चालताना अडखळायला होईल असा. बघणाऱ्याला टोचलं पाहिजे, एवढाच हेतू. आणि ज्यांना टोचायचं होतं, त्यांनीच पुढं ते विकत घेतलं! ब्रिटिश डिझायनरांनी तेच फाटकं रेशमात आणलं. त्या पोरांची तीच लाल चौकडी, त्याच पिना, पण शिवण अशी की कपडा उलटा करून बघितला तरी तोंडात बोट जावं."

तिची स्वतःची खासियत म्हणजे तिरक्या कापावर लावलेली चेन. कापड तिरकं कापलं की ताणतं, चेन ताणत नाही, मग तिथं लाटा येतात. संध्याच्या हातची चेन पाण्याच्या रेघेसारखी बसायची, असं हेझल म्हणायची म्हणे.

हेझल थकली, स्टुडिओ बंद झाला आणि त्याच सुमाराला अभिजितला आयर्लंडमध्ये नोकरी लागली. पोर्टलीशमध्ये संध्याच्या कामाला विचारणारं कुणी नव्हतं. डब्लिनला रोज जायचं तर स्वानंदी तेव्हा लहान होती. शेवटी ती गावातल्या पडद्यांच्या दुकानात लागली. पडद्यांच्या किनारी, शाळेच्या युनिफॉर्मचे गुडघे, कुणाच्या तरी दिराच्या सुटाची कंबर. घरचं मशीन मागच्या खोलीत होतं, त्यावर बहुतेक वेळा धुतलेल्या कपड्यांचा ढीग असायचा.

अभिजित माणूस चांगला, पण कडक इस्त्रीतला. शर्टाची बाही नेहमी मनगटापर्यंत. बायकोच्या कामात त्याला कधी रस नव्हता. "हिची फाटकं विकणारी कंपनी होती," असं तो चारचौघांत म्हणायचा आणि ती हसून सोडून द्यायची.

मागच्याच्या मागच्या वर्षी मार्चमध्ये दाढी करताना त्याला स्ट्रोक आला. पन्नाशीही झाली नव्हती. जीव वाचला, बोलणंही शाबूत राहिलं, पण डावी बाजू गेली. हात नाही, पाय नाही, आणि त्या बाजूला स्पर्शही कळेना. डब्लिनला कितीतरी महिने रिहॅबमध्ये काढून तो व्हीलचेअरवर घरी आला. मी भेटायला गेले तेव्हा म्हणाला, "आयुष्यभर दुसऱ्यांना भूल दिली. आता मला कुणीतरी अर्धी देऊन ठेवलीय." आम्ही दोघी हसलो, कारण आम्ही हसावं असं त्याला वाटत होतं.

सगळ्यात अवघड झालं कपडे घालणं. शर्ट एकवेळ चढायचा. पँटसाठी त्याला उभं करायचं, एका हातानं धरायचं, दुसऱ्या हातानं पँट वर ओढायची. एकदा दोघंही पलंगावर कोसळली. संध्या त्याच्या अंगाखाली अडकली, आणि स्वानंदी शाळेला निघता निघता धावत आली.

"एक झगा घाल मला," तो पडल्या पडल्या म्हणाला. "बारशाच्या पोरासारखा. सगळ्यांचाच त्रास जाईल."

त्यानंतर त्यानं कपडे बदलणंच बंद केलं. पायजमा, मांडीवर ब्लँकेट आणि टीव्ही. कुणालाही भेटायला तयार नसायचा. मी पोहे घेऊन गेले तर स्वानंदी दारात उभी राहायची, तिच्या त्या आयरिश सुरात "बाबा इज स्लीपिंग, मावशी" म्हणायची, आणि आतून टीव्हीवरच्या हर्लिंगच्या, इथल्या हॉकीसारख्या खेळाच्या, मॅचचा आवाज येत असायचा. पोरीची मान खाली.

संध्यानं मागच्या खोलीतल्या मशीनवरचे कपडे खाली काढले ते त्या दिवसांत. मला म्हणाली, "त्या पंक पँटीत धडधाकट माणसाचे पाय मुद्दाम बांधलेले असतात. ह्याचे तर आधीच बांधलेत. मी ते उलटं करते."

काळ्या लोकरी कापडाची पँट तिनं केली. दोन्ही बाजूंना कमरेपासून घोट्यापर्यंत चेन. चेन उघडल्या की पँट चादरीसारखी सपाट व्हायची. ती खुर्चीवर आधी अंथरायची, त्यावर बसायचं, पुढचा भाग मांड्यांवर घ्यायचा आणि चेन ओढायच्या. उभं राहायची गरजच नाही. चेनच्या टोकाला मोठ्या कड्या, एका बोटानं ओढता येतील अशा. आणि गुडघ्यापाशी तो पट्टा. पंक पोरांना अडवणारा पट्टा इथं मुठीत धरायचा होता. उजव्या हातानं तो धरून निर्जीव डावा पाय उचलून ठेवता यायचा.

अभिजितनं बघितलं आणि तोंड फिरवलं. "मी डॉक्टर आहे, संध्या. सर्कशीत नाही."

पँट दाराच्या मागं लटकून राहिली. तिनं परत विषय काढला नाही. एक दिवस ती दुकानातून आली तेव्हा अभिजित हॉलमध्ये खिडकीजवळ बसला होता, इस्त्रीचा शर्ट आणि ती पँट घालून. स्वानंदीनं फक्त खुर्चीवर ती अंथरून दिली होती. बाकी सगळं त्याचं त्यानं केलं होतं. कपाळावर घाम होता.

"लाल का नाही केलीस?" त्यानं विचारलं. "तुमच्याकडं लाल चौकडीची असते ना?"

संध्या मला म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदा त्यानं तिच्या कामाबद्दल प्रश्न विचारला. त्या संध्याकाळी तो तिला हेझलबद्दल विचारत राहिला. मग कापडाला तिरकं का कापतात, मग चेन तिथं लाटा का घेते. नवीन ऑपरेशन समजून घ्यावं तसं त्यानं ते समजून घेतलं.

लाल चौकडीची पँट झाली. ती घालून अभिजित बाहेर पडायला लागला. बाजारातल्या कॅफेत, दिवाळीला गावातल्या जीएए या खेळांच्या क्लबच्या हॉलमध्ये. माझा नवरा प्रकाश त्याला म्हणाला, "डॉक्टर, एकदम रॉकस्टार!" तर हा म्हणाला, "बायकोचं डिझाइन आहे. लंडनचं." चर्चच्या पॅरिश हॉलमध्ये स्ट्रोक झालेल्या लोकांचा गट भरायचा, तिथं लॅरी नावाचा एक रिटायर्ड बस ड्रायव्हर त्याच्या पँटकडं बघतच राहिला. संध्यानं त्यालाही एक करून दिली. मग आणखी एका बाईला. संध्याच्या बोलण्यात परत हेझल यायला लागली. कापडाचे नमुने मागवले गेले. मीसुद्धा तिला म्हणाले, तू ह्याचं काहीतरी मोठं कर.

अभिजित आता ती पँट दिवसभर काढायचा नाही. दुपारी मऊ काहीतरी घाल, असं संध्या म्हणायची. "आत्ता कुठं माणसात आलोय," असं म्हणून तो टाळायचा.

जानेवारीत त्याला अंघोळ घालताना तिला डाव्या खुब्याच्या खाली एक काळपट लाल डाग दिसला. कापडाचा रंग उतरला असेल म्हणून तिनं साबणानं चोळला. तो गेला नाही. हात लावला तर तिथली कातडी मऊ, गार लागली.

"दुखतंय का इथं?"

"कुठं?" अभिजितनं विचारलं.

घरी येणारी सरकारी नर्स, नोरा, तिनं दुसऱ्या दिवशी बघितलं. मग तिनं खुर्चीवरची पँट उचलली आणि चेन बोटांखालून हळूहळू फिरवली. खुब्याच्या खाली, जिथं कमरेकडची चेन संपून पायाची सुरू होते, तिथं धातूची एक बारीक आडवी पट्टी होती. संध्यानं तिच्याखाली दुहेरी अस्तर घातलं होतं. पण अभिजित कळत नसलेल्या बाजूवर कलून बसायचा, तासन् तास, आणि त्याचं सगळं वजन नेमकं त्या पट्टीवर यायचं. आपल्याला टोचलं की आपण न कळत सरकतो. त्याला टोचलेलं कळतच नव्हतं.

"ह्याच्यासारख्यांना धातू चालत नाही," नोरा म्हणाली. आवाजात राग नव्हता. "आत किती खोल गेलंय ते वरून दिसत नाही."

खूप खोल गेलं होतं. जखम फुटली, हाडापर्यंत पू झाला, ताप चढला. अभिजितला ॲम्ब्युलन्सनं डब्लिनला नेलं तेव्हा संध्या त्याच्या उशाशी रडत बसली होती. तो ग्लानीत होता, तरी तिचा हात शोधत म्हणाला, "अगं, रडतेस कशाला? मला अजिबात दुखलं नाही. खरंच. कळलंसुद्धा नाही."

धीर द्यायला म्हणाला तो. त्या वाक्यानंतर पुष्कळ दिवस ती धड जेवली नाही.

तो डब्लिनला असतानाच ती दिलेल्या पँटी परत आणायला गेली. मी गाडी चालवली. त्या बाईनं लगेच दिली. लॅरी ऐकेना. खुर्चीचे हात घट्ट धरून म्हणाला, "मी नीट बसतो. मला सगळं कळतं तिथं. बाई, ही एकच गोष्ट आहे जी मी माझा मी घालू शकतो."

संध्या त्याच्यासमोर गुडघ्यावर बसली आणि हात जोडले. त्या म्हाताऱ्याला त्याचा अर्थ कळला की नाही कोण जाणे. दुसऱ्या दिवशी त्याची बायको सुपरमार्केटच्या पिशवीत पँट घालून देऊन गेली. लॅरी आतल्या खोलीत बसलाय, तोंड उघडत नाही, एवढं ती म्हणाली. संध्यानं त्याच दुपारी चारही पँटी उसवल्या. उसवताना मला म्हणाली, "चेन कुठं उठून दिसेल ते मला नेहमी कळायचं. कुठं रुतेल ते कधी बघावंच लागलं नाही. आमचे कपडे घालून पोरी चालायच्या, नीलिमा. दिवसभर बसून कुणी राहायचं नाही."

तिची चूक नव्हती, असं मी म्हणाले. नोराही म्हणाली. अभिजितनंच ऐकलं नाही, हेही खरं. त्यातलं काही तिच्यापर्यंत पोचलं नाही.

अभिजित वाचला, पण परत आला तो निम्मा होऊन. उजव्या हातातलाही जोर गेला होता. जखम भरेना. कुशीवर वळवायलाच दोन माणसं लागायची. घरी ठेवणं शक्य नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि डॉक्टर असल्यामुळं अभिजितला ते समजावून सांगावं लागलं नाही. त्याला गावाबाहेरच्या नर्सिंग होममध्ये ठेवलं. खोली स्वच्छ आहे, माणसं मायाळू आहेत. आजूबाजूला सगळे ऐंशीच्या पुढचे. सगळ्यांसारखीच करडी, इलॅस्टिकची सैल पँट त्यालाही घालतात. कधी कधी धुलाईत अदलाबदल होऊन दुसऱ्याचीच येते.

स्वानंदी कॉलेजला गॉलवेला गेली. शनिवार-रविवारी यायची, आता अभ्यास खूप आहे म्हणते. संध्या दुकान बंद झालं की रोज जाते. कधी मीही जाते.

सुरुवातीला अभिजितच विषय काढायचा. "मी विचार करत होतो. चेन पुढच्या बाजूला घेतली तर? आणि धातूऐवजी प्लॅस्टिकची?"

"बघू हं," ती म्हणायची आणि त्याच्या पायावरचं पांघरूण सारखं करायची.

"बघू काय? मशीन आहे घरी."

मशीन घरी नव्हतं. तिनं ते डब्लिनच्या कुणाला तरी देऊन टाकलं होतं. त्याला ते सांगितलं नव्हतं.

पुढच्या वेळी चुंबकाची कल्पना निघाली. मग बटणांची. ती दर वेळी मान हलवायची. एकदा तो बोलत असताना ती खिडकीतून खाली पार्किंगकडं बघत राहिली, तो बोलायचा थांबला तेही तिला कळलं नाही. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर होते. अभिजितनं बराच वेळ तिच्या पाठीकडं बघितलं.

त्यानंतर त्यानं विचारलं नाही. आता ती जाते, त्याला सूप भरवते, हवा कशी आहे ते सांगते. तो इथल्या लोकांसारखं "ग्रँड" म्हणतो, म्हणजे ठीक. मग दोघं टीव्ही बघत बसतात.